अंगणाची फरशी

नारायणगडाला आमच्याकडे धाकटी पंढरी म्हणतात. आषाढी-कार्तिकीला ज्यांना चंद्रभागा गाठता येत नाही, ती माणसे इथेच माथा टेकवून समाधान मानतात. गडाची ख्याती ज्या सत्पुरुषामुळे, त्यांचे नाव नगद नारायण महाराज. परगावच्या माणसाला या नावाची मोठी गंमत वाटते. आम्हां पायथ्याच्या लोकांना मात्र त्याची इतकी सवय झालेली आहे की, नगद म्हणजे रोकड हा अर्थ ध्यानातही येत नाही. गेल्या चैत्रात तो माझ्या ध्यानात आला. अंगणात फरशी बसवायला काढली, आणि महिनाभर रोज सकाळी कोणी ना कोणी दारात उभे राहून नगद मागू लागले.

आमचे घर जुने, माळवदाचे. पुढे ढाळज, ढाळजेपुढे अंगण, अंगणाच्या एका कडेला निंब आणि मध्ये तुळस. अंगण वीस फूट लांब आणि सोळा फूट रुंद, सगळे मातीचे. माझी आई ते सारवीत असे. किती वर्षे, ते तिलाही सांगता यायचे नाही. गेल्या भाद्रपदात दोन दिवस झड लागली, आणि तुळशीला पाणी घालायला गेलेली आई चिखलात घसरली. उजवे मनगट मोडले. प्लास्टर काढताना डॉक्टर म्हणाले, "या खेपेला मनगटावर निभावलं. पुढच्या खेपेला खुबा गेला, तर आजी अंथरूण धरतील." त्या दिवशी घरी येताना मी मनाशी ठरवून टाकले की, पुढच्या पावसाळ्याच्या आत अंगणाला दगड लावायचा.

ठरवणे सोपे असते. मी मॅट्रिक झालेला माणूस. एका विनाअनुदानित शाळेत खालच्या वर्गांना शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही धंद्यांत माणसाचा मान मोठा आणि मानधन लहान असते. घरात भिशीचे चोवीस हजार होते आणि तीन वर्षे खपून लिहिलेल्या कादंबरीचे सहा हजार आले होते. एकूण तीस. ते मुलीच्या लातूरच्या खर्चासाठी बाजूला ठेवलेले. ती तिथे अकरावीला आहे, आणि लातूरला मूल शिकायला ठेवणे म्हणजे काय ते आमच्या जिल्ह्यातल्या आईबापांना सांगायला नको. सौभाग्यवती पहिल्यांदा म्हणाल्या, "अहो, पोरीच्या खोलीचं भाडं अंगणात पुरू नका." मी गप्प बसलो. दोन दिवसांनी आईला न्हाऊ घालताना तिचे वाकडे जुळलेले मनगट त्यांच्या हातात आले असावे. मोरीतून बाहेर येऊन त्याच म्हणाल्या, "जूनचं जूनला बघू. मिस्त्रीला निरोप धाडा."

आता आमच्या मुलखात दगडासाठी पैसे मोजावे लागतात, ही गोष्टच मुळी चमत्कारिक वाटते. आम्ही दगडावरच राहतो. हा सारा बालाघाट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हातभर माती उकरली की खाली काळा पाषाण. बीडचे कंकालेश्वराचे देऊळ याच काळ्या दगडाचे, पाण्यात उभे आहे. जाती, पाटे, उखळे याच दगडाची. मग फरशी परमुलखातून का आणायची? मिस्त्रींना विचारले, तेव्हा त्यांनी पायाजवळचा धोंडा उचलून माझ्या हातात दिला. "गुरुजी, ह्याचं पान निघत न्हाई. घण घाला, ह्यो फुटंल; पर पोळीवानी सुटायचा न्हाई. घडवायचा म्हणलं तर एकेका फुटाला टाकी चालवत बसावं लागंल. तशी हौस वाड्यावाल्यांची."

शहाबादचा दगड वेगळा. तो चुनखडीचा, कोण्या प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर बसून झालेला. त्यामुळे खाणीत पहार घातली की वहीच्या पानांसारख्या लाद्या सुटतात. म्हणून आम्ही पाषाणावर बसून पाषाण विकत आणतो, तोही सोलापूर ओलांडून, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून. एका गोष्टीने मात्र जरा बरे वाटले. १९४८ पर्यंत बीड आणि शहाबाद दोन्ही निजामाच्याच राज्यात होती. म्हणजे दगड परका असला तरी जुन्या ओळखीतला.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी पावलांनी अंगण मोजले, आभाळाकडे पाहिले आणि "वीस-बावीसात होऊन जाईल" म्हणाले. आभाळाकडे पाहून काढलेला आकडा जमिनीवर उतरेपर्यंत वाढतो, हे ज्याने घर बांधले त्याला ठाऊक असते. एकंदर ३२० चौरस फुटांतून निंबाभोवतीची आणि तुळशीपुढची मिळून वीस फूट जागा सोडली, राहिले ३००. पण फरशी ३०० फूट आणून भागत नाही. कडेला कापावी लागते, वाटेत फुटते, म्हणून शेकडा दहा जास्त घ्यायची. ३३० फूट, बत्तीसच्या भावाने १०,५६० रुपये. टेम्पोभाडे २,५००. एवढ्यावर खर्च आटोपतो अशी माझी समजूत होती. मिस्त्री म्हणाले, हा नुसता अंगरखा झाला. खाली भरायला मुरमाच्या दोन खेपा, २,४००. कच एक ब्रास, ४,५००. सिमेंटची बारा पोती, ४,४४०. बसवण्याची मजुरी फुटाला अठ्ठावीस, म्हणजे ८,४००. आणि पाण्याचे टँकर दोन, १,४००. सगळी बेरीज ३४,२००. फुटाला ११४ रुपये पडले, आणि त्यात दगडाची किंमत तिसऱ्या हिश्शाहून कमी! बाकी सारे दगडाला जागेवर बसवण्याचे. माझी कादंबरी या हिशेबाने साडेबावन्न फूट झाली.

पाण्याला पैसे का पडले, हे परजिल्ह्यातल्या वाचकांना सांगितले पाहिजे. दसऱ्यानंतर विहिरीला पाणी असते, तेव्हा आमच्या गावात माणसे नसतात. ती कोयते घेऊन ऊस तोडायला पश्चिमेकडच्या कारखान्यांवर गेलेली असतात. वस्त्यांवर म्हातारी आणि लेकरे तेवढी राहतात. पाडव्याच्या सुमारास गाड्या परत येतात, बिगारी मिळू लागतो, आणि तोवर विहिरीने तळ दाखवलेला असतो. माणसे आणि पाणी आमच्या जिल्ह्यात एका वेळी भेटत नाहीत. मी माणसे निवडली आणि पाणी विकत घेतले.

या सगळ्याला आईचा विरोध होता. तिचा विरोध बोलका नसतो. ती जेवताना पाठ करून बसते. टेम्पो येऊन फरशी उतरली तेव्हा मात्र ती ढाळजेत येऊन म्हणाली, "दगडाला पैसं कामून द्यायचं रं लेकरा? मला तर दगडानंच पैसं दिलं व्हतं."

ते खरे होते. १९७२च्या दुष्काळात ती चौदा वर्षांची, नुकती नांदायला आलेली. सासू-सुना मिळून दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडायला जात. उन्हात फडके पसरून त्याखाली बसायचे, डाव्या हाताने दगड धरायचा आणि उजव्याने हातोडी मारायची. सांजच्याला ढीग मोजून मजुरी. खायला सुकडी, नाही तर रेशनची परदेशी मिलो ज्वारी. तिच्या डाव्या अंगठ्याचे नख त्या वर्षी गेले ते पुन्हा सरळ उगवलेच नाही. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्याच्यामागे वि. स. पागे यांच्यासारख्यांची दूरदृष्टी होती, असे मी वर्गात मुलांना सांगतो. सांगताना माझ्या डोळ्यांपुढे ते नख असते.

खोदाईचा दिवस वाईट गेला. सहा इंच माती काढायची होती. बिगाऱ्याने टिकाव घातला आणि पहिलेच ढेकूळ उलटले, तर त्याच्या कडेला सारवणाचे थर दिसले. एकावर एक, पातळ, कुठे काळपट, कुठे पिवळसर. बोटभर जाडीत कितीतरी. आईचे हात, तिच्याआधी आजीचे. बिगारी थांबला, त्यालाही काही वाटले असावे. आईने ते ढेकूळ उचलले, पदरात घेतले आणि तुळशीच्या बुडाशी नेऊन ठेवले. मग मिस्त्रींना म्हणाली, "हितली एवढी जागा सोडा. माझं मी सारवीन." वीस फुटांतले चार फूट ते.

त्यानंतर मात्र ती कामावरून हलली नाही. मुरूम पसरला, पाणी मारून धुम्मसाने ठोकला. धुम्मसाचा आवाज कुठे भद्द येतो, ते मिस्त्रींच्या आधी तिला कळे. दोऱ्या बांधल्या. आता ढाळ कुणीकडे द्यायचा, यावर वाद निघाला. सोळा फुटांत तीन इंच उतार हवा, यावर एकमत होते. मिस्त्री म्हणत, पाणी वाटेवर काढू, अंगण लवकर सुकेल. मी म्हणत होतो, निंबाकडे नेऊ. दगड लावला की जमिनीत मुरणारे पाणी तुटते, आणि आमच्यासारख्या कोरड्या मुलखात ते वाटेवर सोडून देणे मला बरे वाटेना. आईने निकाल दिला, "वाटंवर पाणी सोडलं की शेजाऱ्याशी भांडान. निंबाला द्या." माझा मुद्दा भूगोलाचा होता, तिचा शेजारधर्माचा, मिस्त्रींना दुसरा पटला.

एकेक लादी मालावर ठेवून मिस्त्री लाकडी मोगरीने ठोकीत, पाणसळ लावीत, आणि पुन्हा उचलून चिमूटभर माल काढीत. चार दिवसांत अंगण भरले. पाचव्या दिवशी दरजा भरल्या. पुढे आठवडाभर गोणपाटे ओली ठेवायची होती. टँकरचे पाणी तांब्यातांब्याने घालण्याचे काम आईने, डाव्या हाताने का होईना, कोणाला करू दिले नाही. जाताना मिस्त्रींनी बजावले, "ॲसिडनं धुऊ नका. लिंबू, चिंच सांडली तर लगीच पुसा. चुन्याचा दगुड हाय, खाऊन जाईल." तिसऱ्याच दिवशी एका पाहुण्याच्या हातून कैरीचे पन्हे सांडले. तो डाग आजही आहे.

हिशेब चुकता करायच्या संध्याकाळी मला ४,२०० रुपये कमी पडत होते. मिस्त्री भले माणूस. "देताल की सावकाश" म्हणाले. एवढ्यात आई आतून रुमालाची गाठ घेऊन आली. माघात दोन बोकडे विकली होती, त्यातले पैसे. तिने नोटा थुंकी न लावता, सावकाश मोजून मिस्त्रींच्या हातावर ठेवल्या आणि मला विचारले, "तुझ्या पुस्तकाची किती फूट म्हनलास?"

"साडेबावन्न."

"अन् माझ्या बोकडांची?"

मी पेन्सिलीने भागाकार केला. "सदतिसाला थोडी कमी."

"मग लई न्हाई मागं," असे म्हणून ती आत गेली.

वैशाखात दुपारी फरशीवर पाय ठरत नाही, हे कबूल करायला हवे. मातीचे अंगण असे तापत नसे. पण दिवेलागणीला पाणी शिंपडले की दगडाला एक थंड वास सुटतो आणि आई निंबाखाली अंग टाकते. यंदाच्या भाद्रपदात झड लागली तेव्हा ती तुळशीपर्यंत तीनदा गेली आणि तीनदा आली. मी खिडकीतून मोजत होतो. मुलीचे जूनचे पैसे मात्र शाळेतल्या एका सहकाऱ्याकडून उसने आणावे लागले. ते अजून फिटायचे आहेत.

ढाळजेच्या पायरीजवळची एक लादी तेवढी पोकळ वाजते. खाली माल कमी पडला असावा. मिस्त्री "दसऱ्याच्या आत येऊन बसवतो" म्हणाले होते. पण यंदा त्यांच्या घरचेही कोयत्यावर गेले, आणि मागची गुरेढोरे त्यांच्याच गळ्यात पडली. मी दुसरा माणूस बघतो म्हणालो, तर आई नको म्हणाली. रात्री तिला दिसत नाही. पण त्या लादीवर पाय पडला की कोणी दारात आल्याचे अंथरुणावरून कळते. पावलावरून माणूसही ओळखू येतो, असे तिचे म्हणणे. परवा दिवाळीच्या सुट्टीला मुलगी लातूरहून उशिराच्या गाडीने आली. कडी वाजायच्या आधीच आई अंधारात उठून बसली होती.