दोन नार्वे

मराठी वाचकाच्या मनात बेट बहुधा अनुवादातून येते. आधी रॉबिन्सन क्रूसोचे, मग खजिन्याचे, आणि साहित्याचा अभ्यास सुरू झाला की डेरेक वॉलकॉटची कॅरिबियन बेटे. वॉलकॉट सेंट लुशियाचा. १९९२ च्या नोबेल व्याख्यानाचा आरंभ त्याने त्रिनिदादमधल्या फेलिसिटी या खेड्यातील रामलीलेपासून केला. उसाच्या मळ्यांसाठी नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांची ती रामलीला. फुटलेले भांडे जोडणाऱ्या प्रेमाविषयी तो तिथे जे सांगतो, ते वर्गात शिकवताना मला नेहमी वाटे की, हे एकदा बेटावर जाऊन पडताळून पाहावे. कॅरिबियन आमच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे दोन दिवसांसाठी गोव्यातल्या दिवाडी बेटावर गेलो.

सोलापूरच्या माणसाला पाण्याने वेढलेली जागा अगदीच अपरिचित नसते. तळ्यातले सिद्धेश्वराचे देऊळ आम्ही रोज पाहतो. बाराव्या शतकातल्या ज्या सिद्धरामेश्वरांशी ते तळे जोडलेले आहे, त्यांची वचने कन्नडात आहेत, याचा मात्र आम्हाला बहुधा विसर पडतो. माझे माहेर अक्कलकोट तालुक्यातले, घरची भाषा कन्नड. लग्नानंतर सासरची मराठी माझी झाली. पुढे तीच शिकवून मी पोट भरले. आई गेल्यापासून माझ्याशी कन्नडात बोलणारे कोणी उरलेले नाही.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट मांडवी ओलांडते. पलीकडे खाजणशेती, खारफुटी, उतरत्या कौलांची मोठी घरे आणि टेकडीवर पिएदाद चर्च. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान याच बेटावर, नार्वे येथे होते. गोव्याच्या कदंब राजांचे हे दैवत. बहामनी अमलात देऊळ पडले. विजयनगरच्या माधव मंत्र्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते पुन्हा उभे केले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडले. लिंग नदीपार नेले गेले. देवाबरोबर गावाचे नावही पलीकडे गेले, आणि डिचोलीच्या बाजूला दुसरे नार्वे झाले. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. अलीकडे, २०२३ मध्ये, त्याचे नूतनीकरण पूर्ण झाले.

बेट आडवे पार करून आम्ही दुसऱ्या फेरीबोटीने त्या नार्व्याला गेलो. यजमानांना इतिहासाचे वेड. धारालिंगाचे दर्शन घेऊन ते बाहेर दीपमाळेपाशी कितीतरी वेळ उभे राहिले. म्हणाले, "देव सुटला बघ."

"देव सुटला. बेटावर राहिलेल्या माणसांचे काय?" मी विचारले.

"ती राहिली. धर्म गेला त्यांचा."

हे खरे आहे, पण एवढेच खरे नाही. १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण साष्टीतल्या रायतूर येथे छापले गेले, ते मराठी ओवीत. नव्या धर्माला या मातीत बोलायचे तर इथल्याच छंदात बोलावे लागले. पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. हुकूम कागदावर राहिला. त्या सकाळी फेरीबोटीत गळ्यात क्रूस घातलेली एक म्हातारी मासळीच्या भावावरून शेजारणीशी तावातावाने वाद घालीत होती, ती कोंकणीत. देव गमावलेल्यांनी भाषा राखली होती.

आणि नदी ओलांडून गेलेल्या देवाने काय राखले? नाव राखले, पूजा राखली. पण ज्या कदंबांच्या शिलालेखांत तो येतो, त्यांची एक राजभाषा कन्नड होती. ती आता त्याच्या गाभाऱ्याभोवती ऐकू येत नाही. वॉलकॉटचे भांडे जोडताना एखादा तुकडा असा कायमचा गळून जातो, आणि भांडे तरीही पुरे दिसते. व्याख्यान शिकवताना मी जोडण्यावर बोलत आले. गळालेल्या तुकड्याचा विचार मला या दोन नार्व्यांच्या मध्ये, पाण्यावर असताना सुचला. विस्थापनाची चर्चा आपण नेहमी मजुरांच्या, निर्वासितांच्या संदर्भात करतो. लग्न होऊन परभाषिक घरात गेलेल्या बाईला कोणी विस्थापित म्हणत नाही, कारण तिचे स्वागत झालेले असते. देवाचेही झालेच होते.

हे सारे मी यजमानांना परतीच्या बोटीत सांगितले. ते बराच वेळ कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत राहिले. तीस वर्षांच्या संसारात माझ्या भाषेचा विषय आमच्यात कधी निघालाच नव्हता. मग त्यांनी विचारले, "नदीला कन्नडात काय म्हणतात गं?"

"होळे."

"होळी?"

"होळे," मी म्हटले. "शेवटी ए."

त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. दुसऱ्यांदा बरोबर आला.