टांग्याची मागची बैठक

टांग्यात मला मागची बैठक आवडते. लहानपणी मिरज स्टेशनवर उतरलो की आजोबा पुढे टांगेवाल्याशेजारी बसत, आणि आजी नि मी मागे. पाय लोंबकळते, तोंड सोडून आलेल्या वाटेकडे. गाव समोरून यायचंच नाही; पाठीमागून गुपचूप यायचं आणि डोळ्यांदेखत लहान होत जायचं. वाटेत देऊळ आलं की आजी गुडघ्यावर चापट मारायची, "पाय वर घे."

लखनौला रूमी दरवाजापाशी टांगे दिसले आणि तेच सगळं आठवलं. घोडा तोबऱ्यात तोंड खुपसून हरभरे चघळत होता. तोबरा निघाला तरी दोन हरभरे ओठाला चिकटूनच. "तशरीफ रखिए," टांगेवाला म्हणाला. मी अर्थात मागे बसलो.

1867 मध्ये कानपूरहून लखनौपर्यंत रेल्वे आली आणि तिच्यासोबत पाहुणे. त्या काळी बड्या हॉटेलांची रीतच अशी, की पाहुण्याचं आगतस्वागत स्टेशनपासून सुरू व्हावं: बंद घोडागाडी, टपावर ट्रंका, आत गाद्या. हातात मरेचं प्रवासी हँडबुक घेतलेला साहेब इंग्रजांच्या रेसिडेन्सीचे पडके सौध बघायला निघे. शहरातली माणसं मात्र एक्क्यात. एक घोडा, दोन चाकं आणि वर नुसती फळी; तिच्यावर मांडी घालून बसायचं आणि हादरे हाडांनी मोजायचे.

चौक बाजारातल्या गल्लीत आमचा घोडा अडखळत, माणसांना वाट देत चालला होता. अत्तराचा, कबाबाच्या धुराचा, लिदीचा वास एकमेकांत मिसळलेला. मग एकदम रुंद रस्ता लागला. टांगेवाल्याने लगाम सैल सोडला आणि घोडा आपणहून दुडक्या चालीवर आला. अंग सैलावलं. किती सुख!

हे सुख कुठून आलं, ते मी वाचलं होतं. 1857 च्या उठावात गल्ल्यागल्ल्यांनी इंग्रजांना झुंजवलं. पुढच्याच वर्षी रॉबर्ट नेपियर या लष्करी इंजिनियरने शहराचा नवा आराखडा केला. फौजेला सरळ चाल करता यावी, कुणाला आडोसा मिळू नये, म्हणून दाट मोहल्ले चिरून सरळ, रुंद रस्ते काढले. नवाब वाजिद अली शाहच्या कैसरबाग राजवाड्याचाही बराच भाग पडला. वाटेतली घरं गेली आणि त्या जागेवरून साहेबाची गाडी टापा वाजवत हॉटेलकडे जाऊ लागली. गादीवर बसलेल्याला धक्का लागत नव्हता, कारण तो आधीच दुसऱ्या कुणाला तरी बसून गेला होता.

पुढे बसलेल्याला हॉटेलचा दरवाजा दिसतो. मागे बसलेल्याला चाकांखालून सुटणारा रस्ता. डांबर सरळ मागे पळत होतं. या इथे कुणाची ओसरी असेल, तिथे कुणाचा उंबरा.

कुणी चापट मारली नाही, तरी मी पाय हळूच वर घेतले.