एका फळ्यासमोर दोघी

नॉर्थ कॅरोलिनातल्या एका हायस्कुलात विशेष शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि नववीच्या बीजगणिताच्या तासाला उभं कुठे राहायचं, हेच मला कळेना. वर्गात आधीच गणिताच्या शिक्षिका होत्या. फळा त्यांचा, टेबल त्यांचं, दारावर नावही त्यांचंच. आधी साताऱ्यातल्या शाळेत दार लोटलं की आतल्या सगळ्या पोरांची जबाबदारी माझी असायची. इथे मी मागच्या बाकांपाशी फिरत, आयईपी असलेल्या मुलांच्या वह्यांत डोकावत होते.

आयईपी म्हणजे दिव्यांग मुलासाठी कायद्याने आखावीच लागणारी स्वतंत्र शैक्षणिक योजना. अशा मुलांना शक्य तितकं इतरांबरोबरच शिकवायचं, हे बंधन अमेरिकेत 1975च्या कायद्याने आलं. म्हणून एका तासाला दोन शिक्षक, म्हणजे को-टीचिंग: एकाला विषय येतो, दुसऱ्याला मुलाची अडचण कळते.

प्रिन्सिपलना विचारलं, तर को-टीचिंग छान चाललंय म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या टेबलावर वेळापत्रक असतं आणि त्यात दोन नावं दिसत होती. विशेष शिक्षक मुळात कमी, एकेकाला तीन-तीन वर्गांत वाटून द्यावं लागतं. जोडीदार बाईंचं म्हणणं निराळं. "तू असलीस की मला धीर येतो गं, पण उद्या काय घेणार हे तुला सांगू कधी?" आमचे ऑफ तास वेगवेगळ्या वेळी होते.

माझा गोंधळ एकटीचा नव्हता. स्क्रग्ज, मास्ट्रोपिएरी आणि मॅकडफी यांनी 2007 साली 32 अभ्यास एकत्र तपासले. शिक्षक आणि प्रशासक, दोघांनाही ही पद्धत एकंदरीत हिताची वाटते. मात्र शिक्षकांना एकत्र नियोजनाला वेळ हवा असतो, प्रशिक्षण हवं असतं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी एक शिकवतो, दुसरा मदत करतो. आणि हा दुसरा बहुधा विशेष शिक्षक. वाचून मला फार वाईट वाटलं. दोन पगार देऊन एकाचंच शिकवणं मुलांपर्यंत पोचत असेल, तर नुकसान मुलांचं आहे.

एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही बसलो आणि वर्गाचे दोन गट केले. पुढच्या तासाला रेषेचा चढ बाईंनी एका गटाला समीकरणातून शिकवला, मी दुसऱ्याला जिन्याच्या पायऱ्या मोजून. दोन्ही गटांत आयईपीची मुलं होती. कोण कोणाचं, हा प्रश्नच उरला नाही. एरवी गप्प बसणारा मुलगा त्या दिवशी गटाला उत्तर समजावत होता.

पुढच्या सत्रात आम्हाला एक सामाईक ऑफ तास द्या, असं दोघींच्या सहीने लिहून दिलंय. प्रिन्सिपल बघतो म्हणालेत. तोवर शुक्रवार आहेच.