चला, कांद्याच्या मुळाच्या टोकाला!

मुलांनो, सहल म्हटलं की एस.टी., डबा आणि गाण्याच्या भेंड्या आठवतात. आजच्या सहलीला यातलं काहीच लागणार नाही. लागेल एक कांदा, पाण्याने भरलेला पेला आणि शाळेतला सूक्ष्मदर्शक.

कांद्याचा बुडखा पाण्याला टेकेल असा तो पेल्यावर ठेवा. दोन-चार दिवसांत पांढरी मुळं खाली उतरतील. मुळाचं टोक हे आपलं मुक्कामाचं गाव. मूळ वाढतं ते इथूनच, म्हणून एका पेशीच्या दोन होण्याची लगबग इथे सतत चालू असते. हे टोक रंगवून काचपट्टीवर दाबण्याचं काम मात्र विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांनाच करू द्या. त्यात आम्ल वापरतात.

आता भिंगाला डोळा लावा. विटांसारख्या रचलेल्या पेशी दिसल्या? बहुतेकींच्या पोटात गोल केंद्रक आहे. काहींत मात्र लालसर दोरेच दोरे! हीच गुणसूत्रं. जर्मनीच्या वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडर या प्राण्याच्या पिल्लांच्या पेशींत त्यांची हालचाल बारकाईने पाहिली आणि १८८२ साली ती पुस्तकात मांडली.

रंगवलेल्या पेशी जिथल्या तिथे थांबलेल्या असतात. जणू एकाच खेळाचे निरनिराळ्या क्षणी काढलेले फोटो! क्रम आपण लावायचा.

कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात. विभाजनाआधीच प्रत्येकाची हुबेहूब नक्कल तयार होते आणि दोन्ही प्रती एकमेकींना चिकटून राहतात. एरवी ती लांबलचक पसरलेली असतात. प्रवासाला निघताना आपण अंथरुणाची वळकटी बांधतो ना, तशी ती आता गुंडाळून आखूड आणि जाड होतात. ही झाली पूर्वावस्था.

मग केंद्रकाचं आवरण नाहीसं होतं आणि सगळ्या जोड्या पेशीच्या मधोमध रांगेत येतात. ही मध्यावस्था. पेशीच्या दोन्ही टोकांकडून आलेले अतिशय बारीक तंतू प्रत्येक जोडीला दोन बाजूंनी धरतात. आणि इथे पेशी चक्क थांबते! एकाही जोडीला तंतू लागायचा राहिला असेल, तर तो लागेपर्यंत वाट पाहते. बस सोडण्याआधी बाई डोकी मोजतात, अगदी तसंच.

सगळे आले? मग जोड्या सुटतात. १६ इकडे, १६ तिकडे. ही पश्चावस्था. शेवटी अंत्यावस्थेत दोन्हीकडे नवी केंद्रकं तयार होतात, मध्ये भिंत उभी राहते आणि एका पेशीच्या दोन होतात.

आपल्या पेशींत गुणसूत्रं ४६. शरीर वाढताना त्यांची वाटणी अशीच होते. बीजपेशी तयार होताना ती थोड्या वेगळ्या रीतीने होते. तिथे कधी मोजणी चुकते आणि बाळाला २१ व्या क्रमांकाचं एक गुणसूत्र जास्त मिळतं. यालाच डाऊन सिंड्रोम म्हणतात. त्यात बाळाचा दोष नसतो, आईबाबांचाही नसतो. अशी मुलं सावकाश शिकतात, पण शिकतात. हसतात, खेळतात, रुसतात. तुमच्या शाळेत असा एखादा मित्र असेल, तर खेळाचे गडी मोजताना त्याला आधी मोजा. एवढीशी पेशीसुद्धा कुणाला मागे ठेवून पुढे जात नाही, मग आपण कसं जायचं?