यंदा कुठे?

ईस्टरची पंगत उठली, मोठी माणसे ओटीवर विसावली, की आमच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो : यंदा मुलांना घेऊन कुठे? अंगणातल्या आंब्यावर कैऱ्या लटकलेल्या असतात, परीक्षा संपत आलेल्या असतात आणि वसंतातल्या त्या दुपारी प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एखादा डोंगर उभा असतो. दिरांनी सिमल्याचे ठरवले होते, नणंदेने उटीचे. पूर्वी माझेही उत्तर तयार असायचे. यंदा मात्र भांडी आवरण्याचे निमित्त करून मी आत निघून गेले.

त्याला कारण गेल्या वर्षीचे महाबळेश्वर. बेत सर्वस्वी माझा होता. तीन दिवसांत ११ स्थळे आणि प्रत्येकासमोर वेळ, असा तक्ता मी केला होता व त्याचा मला अभिमानही वाटत होता. थोरला तेव्हा सहा वर्षांचा, धाकटी तीन. पहाटेच मोटारीने वसई सोडली. वाईच्या पुढे पसरणीचा घाट लागला आणि धाकटीला उलट्या सुरू झाल्या. "जरा थांबू या," हे म्हणाले. "थांबलो तर सूर्यास्त चुकेल," मी म्हणाले.

सूर्यास्त चुकला नाही. दुसऱ्या दिवशी आर्थर सीटही चुकले नाही. पोरगी खांद्यावर मान टाकून पडली होती, पाणीही नको म्हणत होती; थकली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. रात्री तिचे सुकलेले ओठ पाहून आम्ही डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटची लघवी केव्हा झाली?" मला सांगता येईना. सूर्यास्ताची वेळ मिनिटासह पाठ असलेल्या आईला स्वतःच्या लेकराचे एवढेही ठाऊक नव्हते. लहानग्यांच्या शरीरातले पाणी मोठ्यांपेक्षा किती लवकर घटते, हे त्या रात्री सलाइनचे थेंब मोजताना मला कळले. लेकरू दोन दिवसांत हसूखेळू लागले. माझ्या मनातला सल मात्र गेला नाही.

म्हणून यंदा डायरी उघडली तेव्हा स्थळांच्या नावांसमोर प्रेक्षणीय ठिकाणे लिहिली नाहीत, प्रश्न लिहिले. मुलांना सलग किती तास बसावे लागेल? दुपारी त्यांना झोपता येईल का? डॉक्टर किती अंतरावर? आणि शेवटचा प्रश्न, बाबांना येता येईल का? सासूबाई गेल्यापासून माझे सासरे वाडी सोडून कुठे गेलेले नाहीत. गेल्या वर्षी "तुमच्या पॉइंटांमागे धावायला माझ्या गुडघ्यांत बळ नाही," असे म्हणून ते मागे राहिले होते.

पहिले नाव गोव्याचे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि गोवा आपल्याला जवळ आला. परंतु नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, आणि आम्ही जागे झालो तोवर मेच्या आरंभीच्या गाड्या भरून गेल्या होत्या. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला वेगळी जागाही मिळत नाही. म्हणजे प्रतीक्षायादी सरली असती तरी धाकटीला कुशीत घेऊन रात्र काढावी लागली असती. गोव्यावर काट मारली.

मग माथेरान. मोटारींना गावात मज्जाव, तांबडी माती, गर्द सावली आणि नेरळहून चढणारी, १९०७ साली सुरू झालेली ती इवलीशी गाडी. थोरल्याचा जीव त्या गाडीत अडकला होता. परंतु तेथले सारे वैभव पायी फिरणाऱ्यांचे. बाबांचे गुडघे आणि कड्याच्या दिशेने सुसाट धावणारी आमची धाकटी या दोघांना एकाच वेळी सांभाळायचे कसे? "दोन वर्षांनी नक्की," असे थोरल्याला वचन दिले. तो रुसला. त्याचे रुसणे रास्तच होते.

बाबा ओटीवरून हे सारे ऐकत होते. म्हणाले, "पोरी, बोर्डीला जाऊ या." बाबा निवृत्त शिक्षक. तरुणपणी अनुताई वाघांचे काम पाहायला ते कोसबाडला जाऊन आले होते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली. तिचे नावच कुरणशाळा. "मुलांना आपल्या मागे ओढायचे की आपण त्यांच्यापाशी जायचे, एवढाच त्यात प्रश्न होता," बाबा म्हणाले. ते मला काही सुनावत नव्हते. परंतु डायरीवर टेकवलेली लेखणी माझ्याने हलेना.

घरात हशा पिकला. "समुद्रकाठच्या माणसांनी समुद्र बघायला जायचे?" नणंदेने विचारले. खरे सांगायचे तर क्षणभर मलाही ओशाळल्यासारखे झाले. सिमल्याशेजारी बोर्डीचे नाव घ्यायला जीभ रेटत नव्हती. मग मी माझे प्रश्न पुन्हा वाचले. वसईहून डहाणू रोड रेल्वेने सुमारे ७० किलोमीटर, पुढे रिक्षा. घाट नाही. सपाट, उथळ किनारा, सुरूची सावली, चिकूच्या वाड्या. गरज पडली तर दवाखाना गाठता येईल, दुपार झोपेत घालवता येईल आणि बाबांना खुर्ची टाकून बसता येईल. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर होते. नव्हता तो केवळ मिरवण्याजोगा थाट.

मेचा उकाडा तेथेही असणारच. म्हणून किनाऱ्यावर सकाळ-संध्याकाळच जायचे ठरले आहे. ओहोटीला पाणी दूर जाते तसे भरतीला परतही येते, तेव्हा वेळ पाहूनच मुलांना वाळूत सोडायचे. ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे बाबांनी थोरल्याला शिकवले. आता भरतीची वही तो ठेवतो आणि माथेरानचा रुसवा जवळजवळ विसरला आहे.

परवा पिशवी भरली. जलसंजीवनीच्या पुड्या, एक लिटरची मोजाची बाटली, उकळून गार केलेले पाणी, सुती टोप्या. बाबांनी माळ्यावरची जुनी छत्री स्वतः काढून पुसून ठेवली. डायरीत या खेपेस दोनच वेळा लिहिल्या आहेत, ओहोटीची आणि धाकटीच्या झोपेची. संध्याकाळी ती जागी असली तर सूर्यास्त पाहू.