पहिल्यांदा जहाजाने फिरायला निघताना लागलेले कागद



आज फवारणी, डाऊनी, छाटणी यातलं काहीच नाही. ऑगस्टअखेर आम्ही दोघं नवरा-बायको सिंगापूरहून क्रूझने चार रात्री फिरून आलो. पिनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. मुलगी पुण्याला नोकरीला आहे, तिने तिकीट काढून दिलं. फोटो टाकले तेव्हापासून रोज दोन-चार जणांचे मेसेज येतात, "भाऊ, कागद काय काय लागले?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहितो. जहाज कसं होतं, जेवण काय होतं ते फोटोत दिसतंच. कागदाचं मात्र फोटोत दिसत नाही.

द्राक्षवाल्यांना कागदाचं नवल नाही. आपला माल युरोपला जायचा तर आधी प्लॉटची ग्रेपनेटला नोंदणी, मग फवारणीची वही, रेसिड्यूचा रिपोर्ट, अ‍ॅगमार्क, फायटोसॅनिटरी. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे काय झालं ते ज्यांनी भोगलं त्यांना एका कागदाची किंमत सांगायला नको. माझी द्राक्षं कित्येक वर्षं समुद्रापार जाताहेत. मी कधी गेलो नव्हतो. मालाला जे लागतं तेच माणसाला लागतं, हे मी मनाशी धरलं. तू कोण, कुठला, तुझी नोंद कुठं, आणि सगळ्या कागदांवर तू एकच आहेस का?

माझं लवकर झालं. ऑनलाइन अर्ज भरला, ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये. गावातल्या एकाने "सगळं करून देतो" म्हणून याच्या कितीतरी पट मागितले होते. अर्ज अवघड नाही, घरात शिकलेलं पोर असेल तर तासाभरात होतो. नाशिकच्या केंद्रात दिलेल्या वेळेला गेलो. फोटो आणि बोटांचे ठसे तिथंच घेतात, ए, बी, सी असे तीन काउंटर होतात. नंतर पोलीस चौकशी झाली आणि पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी आला. दहावीचं सर्टिफिकेट जोडायला विसरू नका. दहावी पास माणसाचा पासपोर्ट 'नॉन ईसीआर' होतो. नाहीतर 'ईसीआर' शिक्का येतो, म्हणजे काही ठराविक देशांत कामाला जायचं तर सरकारची वेगळी परवानगी घ्यावी लागते. नुसतं फिरायला जाताना त्याने अडत नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांना ही सूट वयानेच मिळते. इतकी वर्षं पेटीत पडलेलं दहावीचं सर्टिफिकेट असं कामाला आलं.

खरी गाडी अडली ती घरच्यांच्या कागदाला.

त्यांचं माहेर सिन्नर तालुक्यातलं. शाळा सातवीपर्यंत. शाळेत नाव सिंधू, पुढे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. १९९३ साली आमचं लग्न झालं तेव्हा रीतीप्रमाणे तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं, सुनीता. तेव्हापासून रेशनकार्ड, मतदान कार्ड, आधार, बचत गट, बँक, सगळीकडे सुनीता. त्यात आधारवर जन्मतारखेच्या जागी नुसतं साल. आधार काढायच्या वेळी दाखला हाताशी नव्हता, म्हणून तोंडी सालच लागलं. मतदान कार्डावर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं. पॅन कधी काढलंच नाही, कारण कधी लागलं नाही. म्हणजे ज्या कागदावर पूर्ण तारीख आहे त्यावर सिंधू, आणि ज्यावर सुनीता आहे त्यावर तारीख नाही. तारीख पाहिजे, आणि नाव जुळलं पाहिजे. आपल्याकडच्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांपैकी किती जणींचं असंच असेल, घरी जाऊन बघा.

त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही आणि पोरगी जाऊन या. माझ्या नावाचं काय ते लफडं, कशाला एवढा खर्च करता?"

इथं मी थांबलो. तिकिटाचे पैसे गेले तर गेले, मुलगी कमावती आहे. माझ्या डोक्यात दुसरंच आलं. उद्या मी नसलो आणि वारस नोंद लावायला ह्या तलाठ्यापुढे उभ्या राहिल्या, तर काय दाखवणार? आधारवरची सुनीता आणि दाखल्यावरची सिंधू एकच आहे हे कोण सांगणार? आधारशी नाव जुळत नाही म्हणून पीएम-किसानचा हप्ता अडकलेले आपल्या गावातच आहेत. आता फार्मर आयडी आला, त्यातही आधार आणि सातबारा जुळवावा लागतो. जहाज चुकलं तर पुढच्या वर्षी मिळेल. वारस नोंद अडकली तर तीस वर्षं ज्या मातीत राबल्या त्याच मातीवर त्यांना परकं ठरवतील.

मग क्रमाने लागलो. त्याच क्रमाने लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल.

पहिलं, शाळा सोडल्याचा दाखला. आम्ही दोघं माहेरच्या गावी शाळेत गेलो. गुरुजींनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. नोंद सापडली. जन्मतारीख १ जून १९७३. त्या पानावर वरपासून खालपर्यंत निम्म्या पोरांचा जन्म १ जूनचाच. आपल्या पिढीला हे माहीत आहे, शाळा जूनला सुरू व्हायची आणि गुरुजी वय जुळवून तारीख टाकायचे. ह्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि शेजारच्या ओळीतल्या मैत्रिणीचं नाव मोठ्याने वाचलं. मग आपलं वाचलं. मी ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

दुसरं, विवाह नोंदणी. आमची केलेलीच नव्हती. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, विवाह निबंधक असतात. उशिराची नोंदणीही होते. लग्नपत्रिका, दोघांचे कागद आणि साक्षीदार लागले. लग्नपत्रिका मोठ्या बहिणीने जपून ठेवली होती, तिचे उपकार.

तिसरं, राजपत्र. नुसतं आडनाव बदललं असतं तर गोष्ट वेगळी. पहिलं नावच बदललेलं होतं, म्हणून महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात दिली. अर्ज ऑनलाइन होतो. छापून आलं त्यात जुनं नाव आणि नवीन नाव एकापाठोपाठ असतं. तो कागद घरी आणला तेव्हा ह्या बराच वेळ बघत बसल्या. म्हणाल्या, "माहेरची आणि सासरची एका ओळीत आली बघा." मी काही बोललो नाही.

चौथं, आधार दुरुस्ती. दाखला आणि राजपत्र घेऊन केंद्रावर गेलो. एक लक्षात ठेवा, आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, नाव दोनदा. त्यामुळे पावतीवरचं स्पेलिंग अक्षर अक्षर वाचल्याशिवाय तिथून हलू नका. आम्ही आडनावाचं स्पेलिंग माझ्या आधारवर आहे तेच ठेवलं, आणि मतदान कार्डही त्याप्रमाणे दुरुस्त करायला टाकलं.

मग पाचवं, पासपोर्ट. ह्या चार पायऱ्यांना खरड छाटणीपासून आषाढापर्यंत वेळ गेला. पासपोर्ट हातात आला तेव्हा निघायला महिना उरला होता. म्हणून सांगतो, कागद आधी, तिकीट नंतर.

आता व्हिसा. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो. तो अधिकृत एजंटमार्फत होतो, त्यांची सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, एजंटचे वेगळे. इथं शेतकऱ्याची एक अडचण येते. एजंटने पगारपत्रक आणि तीन वर्षांचं रिटर्न मागितलं. आपल्याला पगार नाही, आणि शेतीचं उत्पन्न आयकर कायद्याप्रमाणे करमुक्त, म्हणून मी रिटर्न भरत नाही. मी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ, त्यांचं इंग्रजी भाषांतर आणि व्यापाऱ्याच्या विक्रीच्या पट्ट्या दिल्या. सोबत साध्या भाषेत एक पत्र, की आम्ही शेतकरी आहोत, एवढी बाग आहे, सप्टेंबरात गोडी छाटणी आहे त्याआधी परत यायचंच आहे. व्हिसा आला. सातबारा हा माणूस परत येणार याचा चांगला पुरावा आहे, जमीन कुणी उचलून नेत नाही.

क्रूझमध्ये एक गोष्ट विमानप्रवासापेक्षा वेगळी असते. तुम्ही सिंगापुरात विमानाने शिरता, जहाजाने बाहेर पडता आणि चार दिवसांनी जहाजाने पुन्हा शिरता. म्हणजे प्रवेश दोनदा. व्हिसा एकाच प्रवेशाचा असला तर माणूस समुद्रावर अडकल्यासारखा. व्हिसावर 'मल्टिपल' लिहिलंय का ते आधी बघा. त्यांचं अरायव्हल कार्डही असंच. ते ऑनलाइन आणि फुकट आहे, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. जाताना एकदा भरलं, जहाज परत येताना पुन्हा भरलं. हे भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या वेबसाइट निघाल्या आहेत, त्यांच्या नादी लागू नका. मलेशिया आणि थायलंडला आम्ही गेलो तेव्हा फिरायला व्हिसा लागत नव्हता. तुम्ही जाल तेव्हा पुन्हा बघा, हे नियम बाजारभावासारखे हलतात. जहाज ज्या ज्या बंदराला लागणार त्या प्रत्येक देशाचा नियम वेगळा बघायचा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी शिल्लक पाहिजे.

जहाजाच्या तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे पाहिजे. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा, आणि स्वतःचं व पतीचं किंवा वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात. तिकीट काढताना पासपोर्ट समोर ठेवून भरावं. वेब चेक-इन केल्यावर बोर्डिंग पास आणि बॅगेला लावायच्या चिठ्ठ्या मिळतात, त्या छापून घ्याव्यात. जहाजावर गेल्यावर प्रत्येकाला एक कार्ड देतात. खोलीची चावी तेच, खर्चाची वही तेच, बंदरावर उतरताना आणि चढताना ओळखही तेच. ते गळ्यात अडकवा, शर्टाच्या खिशात नको.

बीपी, शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि सोबत डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी. प्रवास विमा घ्याच, कारण जहाजावरच्या डॉक्टरचं बिल आपल्या तालुक्याच्या दवाखान्यासारखं नसतं. सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स, एक बॅगेत आणि एक घरी पोराकडे.

दोन गोष्टी सोबत नेऊ नका. एक, तंबाखू आणि गुटखा. सिंगापुरात चघळायच्या तंबाखूला बंदी आहे. ज्यांना सवय आहे त्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. दुसरी, खसखस. तिथं ती अमली पदार्थांच्या नियमात येते. म्हणजे काळा मसाला किंवा अनारसे डब्यात भरताना विचार करा. ह्यांनी निघायच्या आदल्या रात्री मसाल्याची पुडी बॅगेतून काढून ठेवली.

आणि एक गोष्ट परत आणू नका. ही खास आपल्या लोकांसाठी. पिनांगच्या बाजारात रामबुतान, मँगोस्टीन बघून माझाही हात शिवशिवला, की एखादी काडी, दोन बिया खिशात टाकाव्यात. आपण शेतकरी, दुसऱ्याच्या बांधावरचं चांगलं झाड दिसलं की काडी मागतोच. पण रोपाला, बीलाही पासपोर्ट लागतो. २००३ च्या प्लांट क्वारंटाईन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी असल्याशिवाय लागवडीचं साहित्य देशात आणता येत नाही. गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं, आज एक बांध त्यातून सुटलेला नाही. अमेरिकन लष्करी अळी २०१८ ला कर्नाटकात सापडली आणि पुढच्याच हंगामात आपला मका चाळणी झाला. अशा पाहुण्यांचे कागद कुणी तपासले नव्हते. मी फक्त फोटो आणले.

सिंगापूरच्या क्रूझ सेंटरवर काउंटरच्या पोरीने पासपोर्ट उघडून ह्यांचं पूर्ण नाव वाचलं, चुकीच्या उच्चाराने का होईना. ह्यांनी मान हलवून "येस" म्हटलं. माझ्या मदतीशिवाय.

परत आल्यावर पहिलं काम केलं ते लक्ष्मी मुक्तीचं. १९९२ पासून ही सोय आहे, नवऱ्याने अर्ज केला की सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज दिला आहे, फेरफार धरला की इथं टाकेन. त्याला तेच कागद लागले जे जहाजाला जमवले होते, नवीन एकही नाही.

तुम्हाला परदेशी जायचं असो वा नसो, येत्या अमावस्येला बागेला सुट्टी द्या आणि घरातल्या बाईचे सगळे कागद एका सतरंजीवर मांडा. आधार, दाखला, मतदान कार्ड, बँकेचं पुस्तक. नाव, तारीख, स्पेलिंग जुळतंय का बघा. जुळत नसेल तर दाखल्यापासून सुरुवात करा. जुनी रजिस्टरं वाळवी खातेय, ती काही आपल्यासाठी थांबणार नाही.

काही अडलं तर खाली विचारा. पुढच्या पोस्टला गोडी छाटणीचं नियोजन टाकतो.

जय जवान, जय किसान.