दोर सोडायचा असतो

कोळगाव म्हटलं की पाहुण्यांना वाटतं, आमच्या दारातच समुद्र! खरं तर आमचं घर पालघर-बोईसर रस्त्याच्या आतल्या बाजूला. समुद्र घरी येतो तो सातपाटीच्या मावशींच्या टोपलीतून, बोंबील-पापलेटांबरोबर.

अशा घरातल्या अकरा वर्षांच्या मुलीनं भाऊबिजेला मामाकडे गिरगावला गेल्यावर चौपाटीजवळ मुलांच्या इवल्या शिडाच्या होड्या पाहिल्या आणि ‘मलाही शिकायचंय’ म्हणून हट्ट धरला. तिला पोहता येत होतं. मामानं लगेच चौकशी केली. फोनवर सासूबाई म्हणाल्या, “मुलीच्या जातीला कशाला हवं हे?” ह्यांनी “जाऊ दे की!” म्हणून फोन ठेवला. काळजीचं खातं अर्थातच माझ्याकडे!

होडीचं नाव ऑप्टिमिस्ट, म्हणजे आशावादी. मला हसू आलं. होडी आशावादी होती, आई नव्हती. लांबी जेमतेम पावणेआठ फूट, वजन सुमारे 35 किलो, आणि बसणार एकटं मूल! 1947 साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स यांनी ती खास मुलांसाठी प्लायवूडची बनवली. आता ती फायबरची असते आणि पंधरा वर्षांपर्यंतची जगभरची मुलं तीवर शिकतात.

जुळणी सोपी. एक डोलकाठी, एकच शीड, शिडाचा वरचा कोपरा ताणायला एक तिरपी काठी, खाली एक आडवी. तळातल्या फटीतून एक फळी पाण्यात सरकवायची, म्हणजे होडी वाऱ्यानं आडवी वाहत जात नाही. मागं सुकाणू. शीड डोलकाठीला बारीक दोऱ्यांनी बांधायचं. तिसऱ्या दिवशी लेक हे सगळं कुकरच्या चार शिट्ट्या होईपर्यंत उरकू लागली. घरी मात्र स्वतःची वेणीसुद्धा घालत नसे. मीच घालून देत होते ना!

चौथ्या दिवशी ती एकटी निघाली. थोडं आत गेली आणि वाऱ्याचा झोत आला. होडी कलली, आणखी कलली आणि आडवीच झाली. मी चपलांसकट गुडघाभर पाण्यात शिरून ओरडत होते. शिकवणारे मोटरबोटीतून जवळ गेले, पण तिला उचलून घेईनात! मला त्यांचा भयंकर राग आला.

लाइफ जॅकेटमुळे ती तरंगत होती. होडीतल्या हवेच्या पिशव्यांमुळे होडीही बुडत नव्हती. पोर वळसा घालून त्या फळीपाशी गेली, तिच्यावर चढली, अंगाचा भार टाकला आणि होडी उभी केली. मग कापलेल्या प्लॅस्टिकच्या कॅननं पाणी उपसत बसली, आपण मोरी तुंबल्यावर उपसतो तशी.

किनाऱ्यावर आल्यावर टॉवेलात गुंडाळून घेतलं, तर म्हणते, “आई, चूक माझीच. घाबरलं की हात शिडाचा दोर आणखी घट्ट धरतो. तेव्हाच तो सैल सोडायचा असतो. शिडातला वारा निघून जातो आणि होडी आपोआप थांबते.”

रात्री मला झोप आली नाही. वेणी, दप्तर, शाळेपर्यंत सोबत... किती दोर मी घट्ट धरून बसले होते!

घरी परतल्यावर मावशींना सांगितलं. टोपली उतरवत त्या म्हणाल्या, “आमचे पोरगे लहानपणापासून होडीवर जातात. पोरी बंदरावर मासळी निवडतात. तुमची जाते, तर जाऊ द्या बाई.”

मैत्रिणींनो, समुद्र दारात असावा लागतोच असं नाही. मध्य प्रदेशातली नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली आणि 2023 च्या आशियाई खेळांत एकटीनं चालवायच्या शिडाच्या होडीत तिनं रौप्यपदक मिळवलं. मुलीला धाडायचं असेल तर आधी पोहणं शिकवा. लाइफ जॅकेट मापाचं आहे ना, मदतीची बोट पाण्यात आहे ना, हे स्वतः पाहा. आणि मग किनाऱ्यावर थांबा.

परवा लेकीनं विचारलं, “क्लासला सायकलनं एकटी जाऊ?” तोंडातला ‘नको’ गिळून मी ‘जा’ म्हटलं. वेणी थोडी वाकडी होती, तिनंच घातलेली. वळणापर्यंत पाहत राहिले खरी. शेजारी सासूबाईही उभ्या होत्या.